दवाखान्याचे फ्लॅट झाले तेव्हा

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप समितीकडून आला तेव्हा मला वाटलं, माजी खजिनदार म्हणून पंचवीस वर्षांचा जमाखर्च लिहायचा असणार. पण सेक्रेटरी म्हणाले, "काका, हिशेब अहवालात येतोच. तुम्ही इतिहासाचं काहीतरी लिहा." बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला इतिहास आणि हिशेब वेगळे करता येत नाहीत. म्हणून ज्यात दोन्ही आहेत अशा एका इमारतीची गोष्ट लिहितो. ती आपल्यापासून फार दूर आहे, न्यूयॉर्कमध्ये. पण शेवटी ती आपल्या क्लब हाऊसपर्यंत येणार आहे, तेवढा धीर धरावा ही विनंती.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत आहेत, तशी माझी लेक न्यू जर्सीत आहे. मागच्या खेपेला गेलो असताना एका रविवारी नऊ वर्षांच्या नातीला घेऊन पाथ गाडीने न्यूयॉर्कला गेलो. चौदाव्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरून चालत चालत सातव्या अॅव्हेन्यूवर आलो. या भागाला ग्रीनिच व्हिलेज म्हणतात. झाडं, बुटकी घरं, लाल विटा. गुडघे बोलायला लागले म्हणून एका तिकोनी बागेत बसलो. बागेच्या नावात 'सेंट व्हिन्सेंट' असं होतं. समोर मोठी, देखणी निवासी इमारत, दाराशी गणवेशातला दरवान. जावई म्हणाला, "बाबा, हे पूर्वी हॉस्पिटल होतं. आता फ्लॅट झालेत." नातीने लगेच विचारलं, "मग आता इथले आजारी लोक कुठे जातात?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी त्या हॉस्पिटलबद्दल जे वाचलं, ते असं.

सेंट व्हिन्सेंट हे न्यूयॉर्क शहरातलं पहिलं कॅथलिक हॉस्पिटल. गरिबांच्या सेवेसाठी ओळखल्या जाणाऱ्या सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच संताचं नाव त्याला दिलेलं. १८४९ मध्ये सिस्टर्स ऑफ चॅरिटी या संघाच्या चार नननी तेराव्या रस्त्यावर विटांचं एक घर भाड्याने घेतलं आणि तीस खाटा टाकल्या. प्रमुख होत्या सिस्टर मेरी अँजेला ह्यूज. त्यांचे भाऊ जॉन ह्यूज हे शहराचे बिशप. त्या वर्षी शहरात कॉलराची, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या शब्दांत पटकीची साथ होती. कॉलरा पाण्यातून पसरतो हे तेव्हा डॉक्टरांनाही नक्की ठाऊक नव्हतं. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पंपाच्या पाण्याचं उदाहरण दाखवलं ते पुढे, १८५४ मध्ये. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजून दुष्काळ पडला होता. तिथून जहाजं भरभरून माणसं न्यूयॉर्कला उतरत होती. गरीब, परकी, वर कॅथलिक. त्या काळी तिथे या तिन्ही गोष्टी माणसाला दारातून परत पाठवायला पुरेशा होत्या. या चौघींनी दार उघडं ठेवलं.

हे वाचताना मला आपल्या सावित्रीबाई आठवल्या. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता त्या गेल्या. साथीत पळून न जाणारी माणसं कोणत्याही धर्मात थोडीच असतात, पण असतात. आपण दवाखान्यात परिचारिकेला सहज 'सिस्टर' म्हणून हाक मारतो ना, त्या हाकेच्या मागेसुद्धा रुग्णसेवा करणाऱ्या अशा ननची परंपरा आहे.

१८५६ मध्ये हॉस्पिटल सातव्या अॅव्हेन्यू आणि अकराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आलं. गंमत अशी की तीही नवी वास्तू नव्हती. तिथे आधी आई किंवा वडील गमावलेल्या मुलांचा आश्रम होता. म्हणजे आश्रमाचं हॉस्पिटल झालं आणि पुढे दीडशेच्या वर वर्षांनी हॉस्पिटलची घरं झाली. इमारतीला धंदा बदलण्याची सवय पहिल्यापासूनच होती म्हणायची.

मधल्या काळात त्या दारातून कोण कोण गेलं याची यादी वाचून मी थक्क झालो. २५ मार्च १९११ ला जवळच्याच ट्रँगल कंपनीच्या शिवणकामाच्या कारखान्याला आग लागली. १४६ कामगार मेले, बहुतेक तरुण मुली, आणि जिन्याचं दार कुलूपबंद होतं. त्या आगीतल्या जखमींना इथे आणलं. पुढच्याच वर्षी टायटॅनिक बुडाली. वाचलेल्यांना घेऊन कार्पेथिया बोट १८ एप्रिल १९१२ च्या रात्री न्यूयॉर्कला लागली, तेव्हा शंभराहून जास्त प्रवाशांना सेंट व्हिन्सेंटमध्ये ठेवून घेतलं. एडना सेंट व्हिन्सेंट मिले या अमेरिकेच्या नामवंत कवयित्रीच्या नावात हे हॉस्पिटलच आहे. तिच्या जन्माच्या थोडं आधी, १८९२ मध्ये, तिच्या मामाचे प्राण इथे वाचले, म्हणून आईने ते नाव घातलं. डिलन टॉमस हा वेल्सचा कवी १९५३ मध्ये इथेच गेला.

पुढे १९८० नंतर एड्स आला. ग्रीनिच व्हिलेजमध्ये समलिंगी लोकांची वस्ती मोठी, त्यामुळे तरुण मुलं पटापट मरू लागली. तेव्हाची भीती आपल्यालाही आठवत असेल. रोग्याचं ताट वेगळं, पेला वेगळा, स्पर्श नको. त्यात हे हॉस्पिटल चर्चचं आणि चर्चला समलिंगी संबंध मान्य नाहीत. तरीही १९८४ मध्ये सेंट व्हिन्सेंटने एड्सचा स्वतंत्र वॉर्ड सुरू केला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा तो पहिला. सगळं गोड होतं असं नाही. रुग्णांना तुच्छतेने वागवलं जातं म्हणून हॉस्पिटलविरुद्ध निदर्शनंही झाली, आणि त्यानंतर हॉस्पिटलला सुधारावं लागलं. ज्या बागेत मी बसलो होतो, तिथलं पांढऱ्या त्रिकोणांचं छत म्हणजे त्या मृतांचं स्मारक आहे. १ डिसेंबर २०१६ ला, जागतिक एड्सदिनी, त्याचं लोकार्पण झालं. मी तोवर ते ऊन लागू नये म्हणून बांधलेलं छत समजत होतो.

आणि ११ सप्टेंबर २००१. जुळे मनोरे पडले त्या जागेच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर हे हॉस्पिटल. डॉक्टर आणि नर्सेसनी पांढऱ्या चादरी घातलेल्या स्ट्रेचर रस्त्यावर रांगेने लावून ठेवल्या. सकाळी काही शे जखमी आले, त्यांच्यावर उपचार झाले. मग सगळे पुढच्या लोंढ्याची वाट पाहत उभे राहिले. तो लोंढा आलाच नाही, कारण आत अडकलेल्यांपैकी वाचलंच फार थोडं कोणी. पुढे कित्येक दिवस हॉस्पिटलच्या भिंतीवर हरवलेल्या माणसांचे फोटो चिकटवलेले होते.

असं हे हॉस्पिटल ३० एप्रिल २०१० ला बंद पडलं. कशाने? कर्जाने.

आता माझ्या विषयाकडे येतो. ताळेबंद वाचणं हे माझं आयुष्यभराचं काम. आजार एका दिवसात झालेला नव्हता. गरीब आणि विमा नसलेले रोगी जास्त, सरकारी योजना आणि विमा कंपन्यांकडून येणारा पैसा खर्चाला अपुरा. पूर्वी रोगी दोन दोन आठवडे खाटेवर असायचा. नव्या शस्त्रक्रियांमुळे तो दोन दिवसांत घरी जायला लागला. खाटा रिकाम्या, पण इमारत, यंत्रं आणि पगार तेवढेच. ज्या नननी एके काळी पगाराशिवाय राबून हॉस्पिटल चालवलं, त्यांची संख्याही घटत गेली. त्यात २००० साली शहरातली इतर कॅथलिक हॉस्पिटलं यात विलीन केली, त्यांतली काही आधीच तोट्यात. दोन अशक्त खाती एकत्र केली की एक सशक्त खातं होतं, ही समजूत बँकिंगमध्येही आहे आणि तिथेही ती चुकीचीच ठरते. व्यवस्थापनाच्या उधळपट्टीबद्दलही बरंच बोललं गेलं. २००५ मध्ये पहिली दिवाळखोरी, २००७ मध्ये त्यातून सुटका, २०१० मध्ये दुसरी. तेव्हा देणं १०० कोटी डॉलरच्या वर गेलं होतं. साडेतीन हजारांच्या आसपास माणसांची नोकरी गेली.

यात आपल्यासारख्या सोसायटीवाल्यांनी लक्ष द्यावं असा एक भाग आहे. हॉस्पिटलने २००७ मध्येच एक तोड काढली होती. जुनी जागा बिल्डरला विकायची आणि त्या पैशातून रस्त्यापलीकडे नवं, आधुनिक हॉस्पिटल बांधायचं. पलीकडे त्यांच्या मालकीची ओटूल नावाची इमारत होती. १९६४ मध्ये खलाशांच्या युनियनसाठी बांधलेली, पांढरी, जहाजासारखी दिसणारी. ती पाडावी लागणार होती. पण हा सगळा परिसर १९६९ पासून वारसा विभाग. शेजारच्या रहिवाशांपैकी अनेकांनी विरोध केला. टॉवर फार उंच होतो, जुनी इमारत जाते, मोहल्ल्याचं रूप बिघडतं. मुद्दे खोटे नव्हते. वारसा समितीने पहिल्यांदा परवानगी नाकारली, मग हॉस्पिटलची अडचण मान्य करून दिली. प्रकरण कोर्टात गेलं. तेवढ्यात २००८ ची मंदी आली. नवं हॉस्पिटल कागदावरच राहिलं.

रहिवाशांमुळे हॉस्पिटल बुडालं असं मी म्हणणार नाही. एवढं देणं शेजाऱ्यांच्या हरकतींनी होत नसतं. पण आपल्या सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. उंचीवर, रंगावर, पार्किंगवर आपण तीन तीन तास बोलतो आणि ती वास्तू कशासाठी उभी आहे हा विषय 'ऐनवेळच्या विषयां'त ढकलतो.

पुढचं थोडक्यात. मुख्य जागा २६ कोटी डॉलरना बिल्डरकडे गेली. काही इमारती पाडल्या, काही जुन्यांचं विटांचं बाहेरचं रूप तसंच ठेवून आत आलिशान घरं केली. सुमारे दोनशे घरं, मधे बगीचा, पोहण्याचा तलाव. नाव 'ग्रीनिच लेन'. त्यात कुठेही हॉस्पिटलचं नाव नाही. किमती लाखो डॉलरच्या. आपल्याकडे गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, तेच तिथे.

पण रहिवासीही गप्प बसले नाहीत. बंद पडल्यानंतर त्यांनी मोर्चे काढले, सभा घेतल्या. २०१२ मध्ये नगर परिषदेने घरांना मंजुरी दिली तेव्हा काही गोष्टी पदरात पडल्या. हॉस्पिटलच्या मालाची ने-आण व्हायची ती तिकोनी जागा सार्वजनिक बाग झाली आणि बागेच्या नावात सेंट व्हिन्सेंट राहिलं. आणि जी पाडायची म्हणत होते त्या जहाजासारख्या ओटूल इमारतीत २०१४ मध्ये चोवीस तास चालणारा तातडीचा विभाग सुरू झाला. ही दुसऱ्या संस्थेची शाखा. इथे प्रथमोपचार, तपासण्या होतात. रोग्याला दाखल करायचं झालं तर रुग्णवाहिकेने दुसऱ्या हॉस्पिटलला न्यावं लागतं. म्हणजे नातीच्या प्रश्नाचं उत्तर असं: किरकोळ असेल तर समोर, मोठं असेल तर लांब. तिला ते पटलं नाही. "मोठं असेल तर जवळ पाहिजे ना?" म्हणाली.

मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण अमेरिकेचं नव्हतं.

२००२ चा सरफेसी कायदा नुकता आला होता. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. तिथे एका डॉक्टर दांपत्याचं बारा खाटांचं प्रसूतिगृह होतं. वरचा मजला आणि सोनोग्राफीचं यंत्र यासाठी कर्ज दिलेलं. बाई फार चांगल्या. बिलाचे पैसे सुगीवर देतो म्हटलं की थांबायच्या. सलग दोन वर्षं सुगीच आली नाही. हप्ते थकले, खातं एनपीए झालं. मी नियमाप्रमाणे नोटीस काढली, ताबा घेतला, लिलाव केला. मूल्यांकनाच्या अहवालावर माझी सही आहे. त्यात एक रकाना होता, 'सध्याचा वापर'. तिथे 'दवाखाना' असा एक शब्द. बाकी दोन पानं रस्त्याची रुंदी, बांधकामाचं वय आणि बाजारभाव. 'मोक्याची जागा' हे शब्द मी स्वतः घातले होते, भाव चांगला यावा म्हणून. आला. वसुली पूर्ण झाली, वरून कौतुकाचं पत्र आलं. डॉक्टर दांपत्य औरंगाबादला गेलं. घेणाऱ्याने तिथे मंगल कार्यालय काढलं.

दोन वर्षांनी एका लग्नासाठी त्याच कार्यालयात गेलो. जेवणाची पंगत जिथे बसली होती तिथे पूर्वी खाटा होत्या. परत निघालो तर एसटी स्टँडवर एक म्हातारी सुनेला घेऊन बसलेली, दिवस भरलेले. जिल्ह्याची गाडी दोन तासांनी होती. मी ओळख दिली नाही. द्यायची तरी काय म्हणून?

मी चूक केली असं आजही म्हणत नाही. ते पैसे ठेवीदारांचे होते, त्यांत पेन्शनरही होते. कर्ज बुडवून दवाखाना चालवता येत नाही, हे सेंट व्हिन्सेंटच्या नननाही शेवटी मान्य करावं लागलं. पण वसुली करताना मी गावातल्या कोणालाच विचारलं नाही की ही वास्तू दुसरा डॉक्टर घेईल का, नगरपालिका घेईल का, निदान खालची एक खोली राखता येईल का. फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता, आणि मी तो समासात लिहिला नाही. ग्रीनिच व्हिलेजच्या लोकांनी भांडून निदान तातडीचा विभाग आणि नाव मिळवलं. माझ्या गावच्या लोकांना भांडायला कोणी सांगितलंच नाही. सांगू शकणारा माणूस मी होतो.

इमारतीचा वापर बदलू नये असं माझं म्हणणं नाही. पणजीला मांडवीच्या काठी गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची जुनी वास्तू आहे. १८४२ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा त्या संस्थेला. आज तिथे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची धामधूम असते. पण तिथे हॉस्पिटल आधी बांबोळीला प्रशस्त जागेत गेलं, मग वास्तू मोकळी झाली. तो क्रम महत्त्वाचा. सेवेची सोय आधी, वास्तूची विल्हेवाट नंतर.

आता आपल्या क्लब हाऊसकडे येतो.

सभासद बंधू-भगिनींनो, २०२० आणि २०२१ आठवा. आपल्या क्लब हाऊसमधली कॅरमची टेबलं भिंतीला लावून आपण दोन खाटा टाकल्या. वर्गणी काढून ऑक्सिजन काँसन्ट्रेटर आणि व्हीलचेअर घेतली. घरात एकच खोली, एकच बाथरूम असलेल्या कुटुंबांतले सात जण तिथे राहून बरे झाले. बी विंगमधल्या मुली दाराबाहेर डबे ठेवून जायच्या. बाहेरची दारं बंद असताना आपल्या सोसायटीत तेवढं एक दार उघडं होतं. त्या दोन वर्षांत आपण राहत्या जागेचा दवाखाना केला. न्यूयॉर्कच्या बरोबर उलटं.

गेल्या वर्षीच्या सभेत क्लब हाऊस कोचिंग क्लासला भाड्याने द्यावं असा ठराव आला होता. उत्पन्नाचे आकडे मीच मांडले होते. बऱ्यापैकी आकडे आहेत, त्यातून लिफ्टची दुरुस्ती सहज होईल. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब आहे. माझं मत मी बदललं आहे, तेही पूर्ण नाही. क्लासला द्या, हरकत नाही. फक्त पश्चिमेकडचा खिडकीजवळचा कोपरा, जिथे खाटा होत्या, तो करारातून वगळा. तिथे ती व्हीलचेअर, काँसन्ट्रेटर आणि घडीची एक खाट कपाटात राहू द्या, आणि किल्ली वॉचमनकडे. आपल्यापैकी निम्मे जण आता सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. रात्री दोन वाजता रुग्णवाहिका येईपर्यंतची वीस मिनिटं कशी जातात ते ज्यांनी अनुभवलं आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

आणि भाडेकराराच्या मसुद्यात जागेच्या वर्णनाखाली 'सध्याचा वापर' हा रकाना येईल, तेव्हा तिथे एक शब्द लिहून भागवू नका. २०२० साली इथे काय होतं ते दोन ओळींत लिहा. या वेळी मसुदा तपासायला मला बोलवा, सहीच्या आधी.